पेव फुटण्याआधी

पाचगणीत टेबललँडच्या कडेला उभे राहिले की खाली धोम धरणाचे पाणी दिसते. कृष्णा तिथून वाई, माहुली, कराड करत सांगलीला जाते. पाचगणीच्या बाजारात सारखा कानावर पडणारा एक वाक्प्रचार मात्र नदीच्या उलट, खालून वर चढून आला असणार. 'हॉटेलांचे पेव फुटलेय', 'शाळांचे पेव फुटलेय'. बोलणाऱ्याच्या कपाळावर तेव्हा बारीकशी आठी असते. पेव म्हणजे काय, असे विचारले तर तरुण पोरे सांगतात, 'म्हणजे लय झालं की!'

पाचगणीच्या माथ्यावर पेव टिकणार नाही. टेबललँड जांभ्याचे. जांभा सच्छिद्र, त्यात पाणी मुरते आणि पाऊस इथे हात राखून पडत नाही. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेले धान्याचे कोठार. त्याला पाणी न झिरपणारी, खोल, चिवट माती लागते, म्हणजे देशावरची.

विपुलतेची क्रियापदे प्रत्येक भाषा आपल्या घराजवळून उचलते. इंग्रजीतल्या 'अबाउंड'च्या पोटात लॅटिनमधली लाट आहे, तर 'टीम'चा जुना अर्थ पिलांना जन्म देणे. मराठीत दूध उतू जाते, त्याला ऊत येतो. नदी दुथडी भरते, म्हणजे दोन्ही थड्यांना लागते. झाड फळांनी लगडते. या सगळ्यांत भर डोळ्यांदेखत चढत जाते. पेवाचे तसे नाही. पेव फुटते त्याच्या आदल्या दिवशी त्या जागी नुसती सपाट जमीन असते आणि वरून माणसे चालत असतात.

शेतकऱ्याकडे धान्य ठेवायच्या जागा पुष्कळ होत्या. रोजच्या वापराला शेणाने सारवलेली कणगी, भिंतीतले बळद. पण पिकाचा मोठा साठा, वर्षा-दोन वर्षांची बेगमी, पेवात जायची. तोंड अरुंद, आत पोट मोठे, रांजण पुरावा तसे. भिंती सारवून वाळवायच्या, तळाला आणि कडांना पाचट नाहीतर गवत लावायचे, धान्य ओतायचे आणि तोंड मातीने गच्च लिंपून टाकायचे. आतले धान्य सजीव असते. ते श्वास घेते, कोंडलेल्या हवेतला प्राणवायू संपवते आणि कर्बवायू सोडते. त्यात किडे गुदमरतात. औषध नाही, पावडर नाही. राखण करायची ती फक्त तोंडाची.

सांगलीजवळच्या हरिपुरात, जिथे वारणा कृष्णेला मिळते, तिथे ही विद्या धान्यावरून हळदीवर गेली. तिथली माती खोलवर घट्ट. त्या पेवांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहिली आणि सांगलीची हळदपेठ त्यांच्या जिवावर उभी राहिली. २०१८मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्याआधीच, २००५च्या महापुरात, पाणी पेवांत शिरले होते. ज्या नदीने ती माती आणून घातली तिनेच ती भिजवली, याचे मला फार वाईट वाटते. नंतर बराचसा माल गोदामांत आणि शीतगृहांत गेला.

आता 'फुटणे'. पेवाचे तोंड लिंपलेले, म्हणून ते फोडावे लागते, ही सरळ व्युत्पत्ती झाली. पण मराठीत कोंब फुटतो, पालवी फुटते, आईला पान्हा फुटतो, कातळाला झरा फुटतो. फुटणे म्हणजे मोडणेच असे नाही. आत साठलेले बाहेर येणे, हाही त्याचा अर्थ. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे लोकांसाठी उघडली, ही कथा महाराष्ट्र अजून विसरलेला नाही. अशा दिवशी पोत्यांवर पोती बाहेर येताना पाहणाऱ्याच्या कपाळावर आठी पडली नसेल.

ही आठी पुढे आली. साठवण डोळ्यांआड गेली आणि शब्दात उरली फक्त अचानक माजलेली गर्दी. म्हणून पाचगणीतल्या शाळांना हा शब्द लावताना मी अडखळतो. संजीवन विद्यालय १९२२चे, न्यू एरा १९४५चे. एका रात्रीत उगवलेल्या या शाळा नव्हेत. इथली कोरडी हवा आणि इथे राहून शिकवणाऱ्यांची कैक वर्षे त्यांच्यात साठलेली आहेत. जुन्या अर्थाने म्हणायचे तर हेच खरे पेव. रस्त्याकडेला एका हंगामात उभ्या राहणाऱ्या टपऱ्यांना काय म्हणायचे ते म्हणा. 'सुळसुळाट' हा चांगला शब्द आहे, तो वापरा.

पेव फोडल्याबरोबर कुणी आत उतरत नाही, हे या वाक्प्रचारातून पार गळून गेले. आतली हवा माणसालाही मारते. तोंड काही तास उघडे ठेवतात. मग दोरीला कंदील बांधून हळूहळू खाली सोडतात. ज्योत विझली तर दोर वर ओढायचा, पुन्हा थांबायचे. वरची माणसे वाकून बघत असतात. ज्योत तळापर्यंत गेली आणि तेवत राहिली, की पहिला माणूस कडेला हात टेकून पाय आत सोडतो.