छतावरच्या तारेचे कुळ

इंदापूर तालुक्यातील बावड्यासारख्या गावी, जेथे वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, घराच्या स्लॅबवर सौरपॅनेल चढवताना तार किती एमएमची घ्यावी हा प्रश्न प्रथम उपस्थित होतो. परंतु त्याचे उत्तर तांब्याच्या जाडीइतकेच तारेभोवतीच्या हवेवर अवलंबून असते, हे कायद्याच्या दफ्तरात पुरतेपणी नोंदले जाण्यास सव्वाशे वर्षे लागली.

या हिशोबाचे मूळ लंडनच्या तारायंत्र-अभियंत्यांच्या संस्थेने विजेच्या दिव्यांपासून लागणाऱ्या आगी टाळण्यासाठी 1882 साली केलेल्या नियमावलीपर्यंत जाते. पुढे 1889 मध्ये एडिसनच्या प्रयोगशाळेतील आर्थर केनेली यांनी, ज्यांचा जन्म मुंबईच्या कुलाब्यातला, किती प्रवाहाने तार किती तापते हे मोजले. आणि 1938 साली सॅम्युएल रॉश यांनी रबरी आवरणाच्या तारांसाठी केलेली गणिते अमेरिकी वीज-संहितेच्या कोष्टकांचा पाया ठरली. त्या कोष्टकांत भोवतालची हवा 30 अंशांची गृहीत धरलेली होती.

आपल्याकडे आयएस 3961 या मानकाने पीव्हीसी केबलींसाठी हवा 40 अंशांची धरली. पीव्हीसीच्या तारेस 70 अंशांपर्यंतच मुभा असल्याने तापण्यास 30 अंश उरतात. हवा 50 अंश झाली की 20च उरतात, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्यामुळे 30 अँपिअरची तार सुमारे साडेचोवीस अँपिअरवर येते.

छताची गोष्ट याहून कठोर आहे. उन्हातल्या छतालगत 13 मिलिमीटरच्या आत तारेचा पाइप असल्यास हवेच्या तपमानात आणखी 33 अंश मिळवावेत, असे कलम अमेरिकी संहितेत 2008 साली दाखल झाले. ते येथे बंधनकारक नाही. तथापि बावड्याची हवा 42 अंश धरून त्याच मापाने मोजले, तर पाइपातील हवा 75 अंशांची ठरते, म्हणजे वीज वाहू लागण्यापूर्वीच पीव्हीसीची मर्यादा उलटून गेलेली असते. अशा ठिकाणी चारऐवजी सहा एमएमची तार ओढून काहीही साधत नाही. तेथे आवरणच बदलावे लागते. म्हणूनच 2014 च्या युरोपीय मानकाने सौरकेबलीची कोष्टके 60 अंशांच्या हवेवर आणि 120 अंशांच्या तारेवर बेतली, आणि 2020 साली भारतानेही या केबलींसाठी आयएस 17293 हे स्वतंत्र मानक जारी केले. तेव्हा बिलावर एमएमचा आकडा वाचणाऱ्याने केबलीवर छापलेला मानकाचा क्रमांकही वाचावा, आणि पाइप स्लॅबला न चिकटवता टेकूंवर उचलून घ्यावा.