नाईलवरच्या क्रूझचा बोरिवलीशी काय संबंध? कान्हेरीच्या लेण्यांत दडलेली २००० वर्षांपूर्वीची गोष्ट

दोन उंच शिडांची लाकडी नाव, डेकवर मोजकीच माणसं आणि किनाऱ्यावर हजारो वर्षांचं मंदिर. नाईल नदीवरच्या खासगी क्रूझचे असे रील्स तुम्ही नक्की पाहिले असतील. पण याच नदीतून एकेकाळी आपल्या कोकण किनाऱ्याकडे येणारा माल वाहिला जायचा, आणि त्या व्यापारातल्या आपल्याकडच्या बंदरांची नावं आजही बोरिवलीच्या डोंगरात कोरलेली आहेत, हे तुम्हाला माहीत आहे का?

आधी समजून घेऊ, ही क्रूझ असते कशी?

नाईलवरच्या बहुतेक क्रूझ लक्सर आणि अस्वान या दोन शहरांदरम्यान चालतात. मोठ्या जहाजांवर शंभराहून जास्त प्रवासी असतात. खासगी सफर हवी असेल तर ‘दहाबिया’ नावाची शिडाची नाव घेतात. तिच्यात जेमतेम आठ-दहा खोल्या असतात आणि ती साधारण इस्ना ते अस्वान या टप्प्यात फिरते.

इथे निसर्गाची एक गंमत आहे. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, तर वारा बहुतेक वेळा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. म्हणजे जाताना शीड उभारायचं आणि येताना प्रवाहावर सोडून द्यायचं! इंजिन नसलेल्या काळात इजिप्तचा सगळा कारभार या सोयीवर चालायचा.

लक्सरला पूर्व किनाऱ्यावर कर्नाक आणि लक्सरची मोठी मंदिरं आहेत. सूर्य मावळतो त्या पश्चिम किनाऱ्यावर थडगी आहेत. ‘राजांची दरी’ तिथलीच. १९२२ साली हॉवर्ड कार्टरला तुतनखामेनचं थडगं सापडलं, तेही इथेच. पुढे इस्ना, एडफू, कोम ओम्बो आणि शेवटी अस्वानजवळचं फिले इथली मंदिरं लागतात.

मग यात मुंबई कुठून आली?

इ.स.पू. ३० मध्ये इजिप्त रोमन सत्तेखाली गेला आणि भारताशी व्यापार प्रचंड वाढला. लाल समुद्रातल्या म्यूस होर्मोस या एकाच बंदरातून वर्षाला १२० जहाजं भारताकडे निघतात, असं स्ट्रॅबो या ग्रीक लेखकाने लिहून ठेवलं आहे.

रोमन लेखक प्लिनीने हा सगळा मार्गच सांगितला आहे. अलेक्झांड्रियाजवळून नाईलमधून नावेने कोप्टोसपर्यंत १२ दिवस. तिथून उंटांवर वाळवंट ओलांडून बेरेनिके बंदरापर्यंत आणखी १२ दिवस, तेही उन्हामुळे बहुतेक रात्रीचा प्रवास. मग ऐन उन्हाळ्यात जहाजं सुटायची आणि मोसमी वाऱ्यांवर स्वार होऊन भारत गाठायची. हिवाळ्यात वारे उलटे फिरले की परत.

कोप्टोस म्हणजे आजचं किफ्त. लक्सरहून ते सुमारे ४० किलोमीटरवर आहे. म्हणजे क्रूझचे प्रवासी जिथे नावेत बसतात, तिथून जवळच भारताकडे येणारा माल नावेतून उतरून उंटांवर चढायचा.

इ.स.च्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं ‘पेरिप्लस’ हे पुस्तक म्हणजे या व्यापाराची मार्गदर्शिका. त्यात ‘सुप्पारा’ आणि ‘कल्लिएना’ ही नावं येतात. ओळखलीत? आपले नालासोपारा आणि कल्याण! कल्याणला जाणाऱ्या ग्रीक जहाजांना त्या काळी पहाऱ्यात भडोचला नेलं जाण्याचा धोका होता, असा इशाराही त्यात आहे. बंदरांवरून सत्ताधाऱ्यांची भांडणं तेव्हाही होतीच.

कान्हेरीत काय लिहिलंय?

सोपारा आणि कल्याण या दोन बंदरांच्या मधल्या डोंगरात, आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीची शंभराहून जास्त बौद्ध लेणी आहेत. जुनं नाव कण्हगिरी, म्हणजे काळा डोंगर. ही लेणी खोदण्याचं काम जवळपास हजार वर्षं चालू होतं.

इथले शिलालेख वाचले की दान कोणी दिलं ते कळतं. सोपारा, कल्याण, चौल, नाशिक अशा गावांचे व्यापारी, सोनार, लोहार, भिक्षुणी, गृहिणी. कोणी लेणं दिलं, कोणी पाण्याची ‘पोढी’, म्हणजे टाकं. कोणी ‘अक्षयनीवी’ ठेवली. हे आजच्या भाषेत कायमचं डिपॉझिट, मुद्दल तसंच ठेवून त्याच्या उत्पन्नातून भिक्षूंचा खर्च चालवायचा. तिसऱ्या क्रमांकाचा भव्य चैत्य दोन व्यापारी भावांच्या पुढाकाराने, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात, दुसऱ्या शतकाच्या अखेरीस झाला.

आता हे पाहा. इस्नाच्या मंदिरातलं कोरीव काम इ.स.च्या तिसऱ्या शतकापर्यंत चालू होतं. म्हणजे नाईलकाठी आणि बोरिवलीच्या डोंगरात छिन्नी-हातोडे एकाच काळात वाजत होते.

थडगी तिथे, निर्वाणवीथी इथे

कान्हेरीत एक भाग बहुतेक पर्यटकांच्या नजरेतून सुटतो. एका मोठ्या कातळाच्या आडोशाला विटांच्या अनेक लहान स्तूपांचे अवशेष आहेत. ही निर्वाणवीथी, म्हणजे दिवंगत भिक्षूंची स्मारकं. तिथे सापडलेल्या लेखांत त्या भिक्षूंची नावं आणि त्यांनी गाठलेली आध्यात्मिक पायरी कोरलेली आहे. डेक्कन कॉलेजच्या डॉ. शोभना गोखले यांनी हे लेख वाचून प्रसिद्ध केले.

राजांच्या दरीत देह टिकावा म्हणून सगळा खटाटोप होता आणि सोबत सोनं पुरलं जायचं. इथे मागे ठेवलं ते फक्त नाव. त्यामुळे चोरण्यासारखं काही नव्हतं, पण दुर्लक्ष मात्र सहज झालं.

पुरावा दुसऱ्या टोकालाही सापडला

बेरेनिकेच्या उत्खननात एका मोठ्या रांजणात साडेसात किलो भारतीय काळी मिरी मिळाली होती. २०२२ मध्ये तिथल्या इसिस देवीच्या मंदिरात संगमरवरी बुद्धमूर्ती सापडली. त्याच मंदिरात इ.स. २४८ चा संस्कृत लेखही मिळाला. म्हणजे माल गेला तशी माणसं गेली, आणि त्यांचे देवही!

तुम्ही काय करू शकता?

नाईलची सफर स्वप्नात असेल तर जरूर करा. ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ चांगला. पण त्याआधी एक रविवार कान्हेरीला द्या. उद्यान सोमवारी बंद असतं आणि मुख्य दरवाजापासून लेणी सुमारे सहा किलोमीटर आत आहेत. तिसऱ्या लेण्यातल्या सुमारे सात मीटर उंच बुद्धमूर्तींपुढे सेल्फी काढून परत फिरू नका. वर चढून पाण्याची टाकी आणि निर्वाणवीथी पाहा. विटांवर चढू नका, लेखांवर हात फिरवू नका.

धरणाच्या पाण्यातून वाचवण्यासाठी फिलेचं अख्खं मंदिर दगड दगड सोडवून शेजारच्या बेटावर हलवलं गेलं, त्यासाठी जगभरातून मदत आली. आपल्या उपनगरातल्या जोगेश्वरीच्या लेण्याला मात्र चारी बाजूंनी वस्तीने वेढलं आहे. कान्हेरी जंगलामुळे वाचली. ती पुढेही वाचायची असेल, तर आधी ती कोणी आणि का खोदली, हे आपल्याला माहीत हवं.