इम्प्लांट काढल्यानंतर

शरीरात बसवलेली कृत्रिम वस्तू काढून टाकली की उपचार संपले, असे आपण सहज धरून चालतो. स्तनात बसवल्या जाणाऱ्या सिलिकोन इम्प्लांटचा इतिहास पाहिला, तर हा समज कसा बदलत गेला ते कळते.

१९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे क्रोनिन व गेरो या शल्यविशारदांनी सिलिकोन जेलने भरलेली पिशवी प्रथम स्तनात बसवली. सिलिकोन हे सिलिकॉन व ऑक्सिजनच्या अणूंची लांब साखळी असलेले बहुवारिक. शरीरातील द्रव्यांशी ते सहसा अभिक्रिया करत नाही, म्हणून ते निर्धोक मानले गेले. कर्करोगामुळे स्तन गमावलेल्या स्त्रियांसाठीही त्याचा उपयोग होऊ लागला. वैद्यकीय उपकरणांविषयीचा कायदा अमेरिकेत आला तो १९७६ मध्ये. आधीपासून बाजारात असलेली इम्प्लांट त्यानंतरही नव्या चाचण्यांविना विकली जात राहिली. १९९२ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने जेल-इम्प्लांटवर कडक मर्यादा घातल्या. २००६ मध्ये त्यांना पुन्हा मान्यता मिळाली.

सिलिकोन निष्क्रिय असले तरी शरीर परकी वस्तू ओळखते आणि तिच्याभोवती तंतुमय ऊतीचे वेष्टण तयार करते. हे वेष्टण आकसले तर स्तन कडक होतो, दुखतो. पिशवी फाटली तर जेल झिरपते आणि त्याचे कण लसीकावाहिन्यांतून काखेतील ग्रंथींपर्यंत पोहोचू शकतात. म्हणजे इम्प्लांट काढले तरी त्याचा काही अंश मागे राहणे शक्य असते.

२०१० साली फ्रान्समधील पीआयपी या कंपनीच्या इम्प्लांटमध्ये औद्योगिक वापराचे सिलिकोन भरल्याचे उघड झाले. डिसेंबर २०११ मध्ये फ्रेंच सरकारने सुमारे ३०,००० स्त्रियांना ती काढून घेण्याचा सल्ला दिला. २०११ मध्येच अमेरिकी प्रशासनाने इम्प्लांटभोवतीच्या वेष्टणात उद्भवणाऱ्या एका दुर्मिळ कर्करोगाबद्दल सावध केले. हा कर्करोग स्तनाच्या ऊतींचा नसून टी-पेशींचा आहे. तो मुख्यतः खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती आढळतो आणि बहुधा कित्येक वर्षांनी, द्रव साठून आलेल्या सुजेच्या रूपाने दिसतो. २०१९ मध्ये अशा इम्प्लांटचा एक मोठा प्रकार जगभरातून परत घेण्यात आला. मात्र काहीच त्रास नसलेल्या स्त्रियांनी ती काढावीत, असे अमेरिकी प्रशासनाने सांगितले नाही.

या अनुभवांतून आजची पद्धत घडली. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत जखमेत रक्त वा द्रव साठतो का, जंतुसंसर्ग होतो का, हे पाहतात. नळी ठेवली असेल तर तिच्यातून येणारा द्रव रोज मोजतात. कर्करोगाची शंका असल्यास वेष्टण आणि द्रव विकृतिशास्त्रज्ञाकडे जातात. तेथे पेशींवर सीडी ३० हे प्रथिन आहे का ते तपासले जाते. पुढेही नवी सूज, लाली किंवा काखेत गाठ दिसली तर लगेच तपासणी करावी लागते. इम्प्लांट स्तनाच्या कर्करोगानंतर बसवलेले असेल, तर त्या कर्करोगाच्या नियमित तपासण्या चालूच राहतात.

यासाठी मूळ इम्प्लांट कोणते होते, हे डॉक्टरांना ठाऊक असावे लागते. ही माहिती आणि रुग्णाचा पत्ता हाती नसेल तर काय होते, याचे उदाहरण आपल्याकडे खुब्याच्या सांध्याबाबत घडले. एएसआर नावाचे धातूचे सांधे त्यांच्या कंपनीने ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत घेतले. त्यांच्या घर्षणातून कोबाल्ट व क्रोमियम रक्तात उतरत होते. ऑस्ट्रेलियात बसवलेल्या सांध्यांची नोंद १९९९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नोंदवहीत होत असल्याने तेथे हा दोष आधीच लक्षात आला होता आणि २००९ मध्येच विक्री थांबली. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने हे प्रकरण मुंबईत पोलिसांपर्यंत नेले. परंतु भारतातील सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांपैकी साडेतीन हजारांच्या आसपास रुग्णांचा ठावठिकाणाच लागत नसल्याचे केंद्र सरकारने नेमलेल्या समितीच्या अहवालातून २०१८ मध्ये समोर आले. ज्यांची रक्ततपासणी व्हायला हवी होती, त्यांच्यापर्यंत निरोपच पोहोचू शकत नव्हता. वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे २०१५ मध्ये सुरू झाला.

नाशिकसारख्या शहरातून मुंबईला जाऊन शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत ही अडचण अधिक जाणवते. शस्त्रक्रिया एका शहरात होते; पुढील तपासण्या दुसऱ्या शहरातल्या, तिला पूर्वी कधी न पाहिलेल्या डॉक्टरांकडे होतात. अशा वेळी इम्प्लांटचे नाव, क्रमांक व तारीख असलेले कार्ड, शस्त्रक्रियेचा अहवाल आणि वेष्टणाची तपासणी झाली असल्यास तिचा अहवाल हाच दोघांमधला दुवा असतो. इम्प्लांट काढल्यावरही हे कागद टाकून देऊ नयेत.

आम्ही प्रयोगशाळेत तारीख व क्रमांक लिहिल्याशिवाय एकही नमुना शीतकपाटात ठेवत नाही. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एक काम जरूर द्यावे: घरात कोणाच्या डोळ्यात कृत्रिम भिंग, हृदयात स्टेंट वा गुडघ्यात कृत्रिम सांधा असेल, तर त्याचे कार्ड किंवा चिकटपट्टी कोठे ठेवली आहे, हे त्यांच्या परवानगीने शोधून पाहावे. सापडली नाही, तर रुग्णालयातून तिची प्रत मागून आणता येईल.