अहमदनगरहून गेलेले उत्तर

इ. स. १८६७ मध्ये चार्ल्स डार्विनने एक छापील प्रश्नावली जगाच्या निरनिराळ्या भागांत राहणाऱ्या लोकांकडे पाठविली. तीत सोळा प्रश्न होते. आश्चर्य वाटले म्हणजे माणसांचे डोळे विस्फारतात काय आणि भुवया वर चढतात काय? लाज वाटली म्हणजे चेहरा लाल होतो काय, आणि वर्ण सावळा असल्यास तो बदल दिसून येतो काय? होकार देताना मान खालीवर हलते काय, आणि नकार देताना आडवी? असे साधे, कोणाही डोळस माणसाला उत्तर देता येईल असे हे प्रश्न होते. मात्र त्यांच्याबरोबर डार्विनने एक कळकळीची सूचनाही केली होती. ती अशी की, प्रत्यक्ष पाहिलेले तेवढेच कळवावे. आठवणीवर विसंबू नये, कारण स्मरणशक्ती मोठी फसवी असते.

या प्रश्नावलीला छत्तीस जणांची उत्तरे आली. त्यांत मिशनरी होते, सरकारी अधिकारी होते, दूरदेशी वसाहत करून राहिलेले लोक होते. पगार कोणालाच नव्हता, आणि शास्त्रज्ञ ही पदवी त्यांच्यातील फारच थोड्यांना लावता आली असती. आज ज्याला आपण नागरिक-वैज्ञानिक म्हणतो, म्हणजे स्वतःच्या खुशीने व फुरसतीने शास्त्राच्या कामाला हातभार लावणारा सामान्य माणूस, त्याचे हे एक जुने आणि ठळक उदाहरण होय.

या उत्तरांपैकी एक आपल्या मुलखातून गेले होते. मुंबई इलाख्यातील अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, एच. अर्स्किन नावाच्या गृहस्थांनी डार्विनसाठी माहिती मिळविण्याचा प्रयत्न केला. पण त्यांना अडचण आली. येथील माणसे युरोपियनांसमोर आपल्या भावना नेहमीच झाकून ठेवीत, आणि त्यामुळे खात्रीलायक असा निष्कर्ष काढणे अवघड होऊन बसले. डार्विनने ही अडचण लपविली नाही. १८७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भावनांच्या आविष्कारावरील आपल्या ग्रंथात त्याने ती प्रामाणिकपणे नमूद करून ठेवली.

मला हे उत्तर त्या सर्व छत्तीस उत्तरांत अत्यंत मोलाचे वाटते. वरवर पाहता ते अपयशाचे उत्तर आहे. परंतु माणसाच्या स्वभावाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला पुढे दीडशे वर्षे जी गोष्ट पुनःपुन्हा शिकावी लागली, ती त्यात आधीच सांगितलेली आहे. दगडाचे किंवा ताऱ्याचे निरीक्षण करताना समोरची वस्तू निरीक्षकाला ओळखत नाही. माणूस मात्र विचारणाऱ्याकडे उलट पाहतो. हा कोण, हा हे का विचारतो, आणि मी सांगितलेल्याचे पुढे काय होणार, हे प्रश्न त्याच्या मनात उभे राहतात. साहेबापुढे उभ्या राहिलेल्या नगर जिल्ह्यातील रयतेने मुद्रा निर्विकार ठेवली, यात तिचे शहाणपणच होते.

डार्विनच्या त्याच ग्रंथात फ्रान्सिस गाल्टन या त्याच्या नात्यातील विद्वानाने कळविलेली एक गमतीदार हकीकत आहे. एका प्रतिष्ठित गृहस्थाला झोपेत एक विलक्षण खोड होती. तो उताणा निजला म्हणजे उजवा हात सावकाश कपाळापर्यंत उचली, आणि मग तो हात एकदम नाकावर आदळे. त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी त्याच्या मुलाचे लग्न झाले. या सुनेला सासऱ्याची खोड ऐकूनही ठाऊक नव्हती; तरी तिला आपल्या नवऱ्यात नेमकी तीच खोड दिसली. पुढे त्यांच्या मुलीतही ती थोड्या फरकाने उतरली. ही गोष्ट दोन गृहिणींनी रात्री जागेपणी पाहिली नसती, तर ती कोणत्याही प्रयोगशाळेला कळणे शक्य नव्हते. स्वभावाची व सवयींची आनुवंशिकता शोधावयाची, तर शास्त्राला घराच्या आत यावे लागते. आणि घराचा दरवाजा आतल्या माणसानेच उघडावा लागतो.

गाल्टनने हे पक्के ओळखले. १८७५ मध्ये त्याने जुळ्या भावंडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी त्याने जुळ्यांकडे व त्यांच्या आप्तांकडे प्रश्नपत्रिका धाडल्या होत्या. अत्यंत सारख्या अशा पस्तीस जोड्यांची सविस्तर हकीकत त्याच्या हाती आली. त्यांत एक गोष्ट हिंदुस्थानशी संबंध असलेली आहे. येथून रजेवर निघालेल्या एका भावाचे जहाज ठरल्या वेळी पोहोचले नाही. वृद्ध आई काळजीत होती, आणि दुसरा जुळा भाऊ त्याला घेण्यासाठी येऊन राहिला होता. एके सकाळी प्रवासातून आलेला मुलगा धावत आत आला, तेव्हा आईला वाटले की घरातलाच मुलगा आपली थट्टा करीत आहे. ती त्याच्यावर रागावली! आपण खरोखरच परतलो आहोत, हे तिला पटविण्यास त्याला थोडा वेळ लागला.

पुढे १८८४ मध्ये गाल्टनने लंडनमधील आरोग्य प्रदर्शनात मापनाची प्रयोगशाळा थाटली. तीन पेन्स देऊन लोक आत जात आणि आपली उंची, श्वासाची शक्ती, नजर व श्रवण मोजून घेत. अशा ९,३३७ व्यक्तींची मापे तेथे घेण्यात आली. लोकांनी पदरचे पैसे मोडून शास्त्राला आपली माहिती द्यावी, ही किमया त्यालाच साधली. त्याच वर्षी त्याने कुटुंबांच्या नोंदींसाठी एक कोरी वही छापून काढली व उत्तम नोंदींना एकूण ५०० पौंडांची बक्षिसे जाहीर केली. आलेल्या वह्यांतून त्याने उंची, डोळ्यांचा रंग, कलाभिरुची, इतकेच काय, पण इंग्रज घराण्यांतील शांत व तापट स्वभाव यांचेही कोष्टक मांडले.

परंतु या इतिहासाची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. ज्या गाल्टनने हे प्रश्न विचारले, त्यानेच १८८३ मध्ये ‘युजेनिक्स’ म्हणजे सुप्रजाजननशास्त्र हा शब्द घडविला. चांगल्या घराण्यांची वाढ व्हावी आणि वाईटांची खुंटावी, ही ती कल्पना. चांगले कोण आणि वाईट कोण, हे ठरविण्याचा अधिकार मात्र विचारणाऱ्याने स्वतःकडे घेतला. अमेरिकेत १९१० मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे या विषयाची नोंदणी कचेरी निघाली. हजारो सामान्य कुटुंबांनी आपल्या घराण्याचे गुणदोष छापील पत्रकांवर भरून तिकडे पाठविले. त्यांना वाटले, आपण विज्ञानाची सेवा करीत आहोत. त्याच कचेरीच्या चालकांनी सक्तीच्या निर्बीजीकरणाचे कायदे व्हावेत म्हणून खटपट केली. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा कायदा वैध ठरविला. त्या देशात विसाव्या शतकात साठ हजारांहून अधिक माणसांवर अशी शस्त्रक्रिया झाली. ही कचेरी १९३९ च्या अखेरीस बंद पडली. पण तोवर जे व्हावयाचे ते होऊन गेले होते.

जर्मनीत याहून भीषण प्रकार घडला. १९३३ च्या कायद्याखाली तेथे सुमारे चार लाख लोकांना निर्बीज करण्यात आले. आउश्वित्सच्या छळछावणीत योझेफ मेंगेले याने जुळ्या बालकांवर जे प्रयोग केले, त्यांना कोणाची संमती नव्हती. या मेंगेलेचा गुरू ओटमार फॉन फेर्शुअर हा बर्लिनच्या मानववंश व आनुवंशिकता संशोधन संस्थेत जुळ्यांचा अभ्यास करीत असे, आणि त्या संस्थेचा पहिला संचालक होता ऑयगेन फिशर.

याच फिशरच्या हाताखाली, नाझी सत्तेवर येण्यापूर्वी काही वर्षे, एक मराठी विद्यार्थिनी डॉक्टरेटसाठी संशोधन करीत होती. तिचे नाव इरावती कर्वे. मानवी कवट्यांच्या दोन बाजूंतील असमानता मोजून तिचा वंशाशी संबंध आहे काय, हे त्यांना पाहावयाचे होते. गुरूची अपेक्षा होती की संबंध दिसेल. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिले, की तसा संबंध दिसत नाही. परक्या देशात, गुरूच्या मताविरुद्ध, आकडे सांगतील तेवढेच सांगावयाचे, याला धैर्य लागते. प्रत्यक्ष पाहिलेले तेवढेच कळवावे, ही डार्विनची सूचना त्यांनी पाळली असे म्हणावयास हरकत नाही.

महायुद्धानंतर १९४७ मध्ये न्यूरेम्बर्ग येथील निकालपत्रात मानवावरील प्रयोगांची तत्त्वे घालून देण्यात आली. त्यांतील पहिलेच तत्त्व, ज्याच्यावर प्रयोग करावयाचा त्याची स्वेच्छेने दिलेली संमती, हे होते. त्या पायावर हे शास्त्र पुन्हा उभे राहिले. १९५४ मध्ये डेन्मार्कमध्ये जुळ्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. पुढे स्वीडननेही ती केली. १९७९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात टॉमस बूशार्ड यांनी लहानपणीच विलग होऊन निरनिराळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा अभ्यास आरंभिला. या जोड्या आठवडाभर विद्यापीठात येऊन राहत व पन्नास तासांच्या आसपास चाचण्या देत. पहिल्याच जोडीतील दोघांचीही नावे, दत्तक घरांनी परस्परांना न कळता ठेवलेली, जेम्स अशी होती! वृत्तपत्रांना अशा योगायोगांचे फार कौतुक वाटते. शास्त्राने मात्र योगायोगापाशी थांबून चालत नाही. जुळणाऱ्या शंभर गोष्टी सांगितल्या, तर न जुळणाऱ्या किती, हेही विचारावे लागते. शिवाय आनुवंशिकतेचा आकडा हा समूहातील फरकांचा हिशेब आहे. तो एखाद्या व्यक्तीच्या कपाळीचा लेख नव्हे.

या परंपरेतील एक अगदी अलीकडचा अध्याय कुत्र्यांचा आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे एलिनोर कार्लसन या विदुषींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्री पाळणाऱ्या लोकांना आवाहन केले, आणि त्या उपक्रमाला डार्विनचेच नाव दिले. मालकाने शंभरावर प्रश्नांची उत्तरे द्यावयाची. तुमचा कुत्रा परक्या माणसाकडे जातो काय? मोठ्या आवाजाला भितो काय? सांगितलेले ऐकतो काय? मग कापसाच्या बोळ्याने कुत्र्याच्या तोंडातील लाळ टिपून पाठवावयाची. २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा १८,३८५ कुत्र्यांची माहिती व २,१५५ कुत्र्यांच्या जनुकांचे वाचन हाती होते. संकरित कुत्र्यांचा यात विशेष उपयोग झाला. कारण त्यांच्यात रूप एका जातीचे आणि अंश अनेक जातींचे असल्याने, स्वभाव कशाबरोबर जातो हे निवडून पाहता आले.

निष्कर्ष असा निघाला, की स्वभावात आनुवंशिकतेचा वाटा आहे खरा. परंतु एका कुत्र्याच्या व दुसऱ्याच्या वागण्यात जो फरक असतो, त्यापैकी जेमतेम नऊ टक्के फरकच त्यांच्या जातीवरून सांगता येतो. जातीवरून एखाद्याचा स्वभाव ओळखण्याची सवय आपल्या अंगी किती मुरलेली आहे, हे आपल्याला वेगळे सांगावयास नको. शेकडो वर्षे मुद्दाम निवड करून पैदास केलेल्या कुत्र्यांतही ती सवय इतकी लंगडी पडावी, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

या साऱ्या हकीकतीतून एक गोष्ट स्पष्ट होते. आई, सून, जुळे भाऊ, कुत्र्याचा धनी, अशा साध्या माणसांच्या निरीक्षणावाचून हे शास्त्र एक पाऊलही पुढे गेले नसते. त्यांनी दिलेले ज्ञान खरे होते. पण त्याचा उपयोग प्रत्येक वेळी चांगला झाला नाही. म्हणून आज कोणी आपल्या घराण्याची, स्वभावाची वा रक्तालाळेची माहिती मागितली, तर ती अवश्य द्यावी. पण देण्यापूर्वी दोन प्रश्न आपणही विचारावेत. ही माहिती कोणाच्या स्वाधीन राहणार? आणि मी नको म्हटल्यास ती परत घेता येईल काय? ज्ञानाच्या कामात सहभागी होणाऱ्याचा हा हक्क आहे, आणि ज्ञान शुद्ध राहण्याची ती एक अटही आहे.

अर्स्किनसाहेबांपुढे मुद्रा निर्विकार ठेवून उभ्या राहिलेल्या माणसांना हे प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. त्यांची नावेही कोणी लिहून ठेवली नाहीत. परंतु त्यांचे मौन एका थोर शास्त्रज्ञाच्या ग्रंथात नोंदले गेले आहे. आणि ते नीट वाचले, तर तेही एक उत्तरच आहे.