खराबा: एका महसुली शब्दाचा प्रवास

सातबाराच्या उताऱ्यावर ‘पोटखराबा’ नावाची एक नोंद असते. गटातला जो तुकडा नांगराखाली येत नाही, म्हणजे खडक, ओघळ, नाला, तो तिथे मांडायचा आणि त्यावर आकार बसवायचा नाही, असा तिचा साधा अर्थ. कोकणात या नोंदीत सगळ्यात जास्त काय गेले असेल, तर सडा. समुद्राच्या काठापासून सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत जांभ्या दगडाची ही सपाट पठारे पसरलेली आहेत. उन्हाळ्यात ती तव्यासारखी तापतात, पावसाळ्यात त्यांवर पाणी साचते. घाटमाथ्यावर कास, चाळकेवाडी, मसाई, आंबोली ही त्यांचीच उंचावरची भावंडे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जीवशास्त्रज्ञांनी या कातळावर जे शोधून काढले, त्यामुळे ‘खराबा’ या शब्दाचा इतिहास पुन्हा तपासावा लागतो. हा शब्द सारा ठरवण्यासाठी जन्माला आला आणि त्या कामापुरता तो रास्त होता. चूक झाली ती पुढे, साऱ्याच्या वहीतून उठून तो जमिनीचे वर्णन होऊन बसला तेव्हा.

आधी त्याच्या जन्माकडे पाहू. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्याची जमीनमोजणी १८३० च्या दशकात नव्याने सुरू झाली. विंगेट आणि गोल्डस्मिड या अधिकाऱ्यांची त्या कामावर छाप होती, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले. मातीची खोली किती, रंग कोणता, तिच्यात दोष कोणते, हे पाहून सोळा आण्यांच्या हिशेबात जमिनीची प्रत लावायची, ही त्यांची पद्धत. माती जितकी खोल तितके आणे जास्त. या तराजूत सडा टाकला तर त्याचे वजन शून्याच्या जवळपासच भरणार, कारण त्यावर माती असते ती बोट-दोन बोटे, आणि पुष्कळ ठिकाणी तेवढीही नाही. नियम करणाऱ्यांचे यात काही कपट नव्हते. उलट जिथे पीक नाही तिथे सारा नाही, हा रयतेला दिलासाच होता. खराब्याची नोंद जितकी मोठी तितका शेतकऱ्याच्या डोक्यावरचा बोजा हलका. म्हणून या शब्दाला नुसते ‘वसाहतवादी’ म्हणून हाकलून देणे हे इतिहासाला धरून होणार नाही. बरड, माळ, खडकाळ हे शब्द आपल्या बोलीत त्याआधीही होते, आणि त्यांतही कौतुक फारसे नव्हतेच.

मात्र त्याच सुमारास त्याच सरकारच्या नोकरीतली दुसरी माणसे एक निराळी वही लिहीत होती. अलेक्झांडर गिब्सन हे मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले, आणि पुढे त्या जागी आलेले निकोल डॅल्झेल हे कोकणातल्या वनस्पतींची नोंद करत होते. डॅल्झेल यांनी १८५० मध्ये कोकणच्या एका पांढऱ्या फुलाच्या कंदवर्गीय वनस्पतीला शास्त्रीय नाव दिले. आज ती ‘डिपकाडी कोंकणेन्से’ म्हणून ओळखली जाते आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर पावसाच्या सुरुवातीला फुलते. नावातच कोकण आहे, आणि ती कोकणाबाहेर फारशी सापडतही नाही. दोघांनी मिळून लिहिलेला ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ मध्ये निघाला. म्हणजे १८४७ आणि १८५० अशा तीनच वर्षांच्या अंतराने एका सरकारी वहीत कातळाची किंमत शून्याकडे झुकली आणि दुसरीत त्याच कातळावरचे फूल जगाला नवे म्हणून नोंदले गेले. दोन्ही नोंदी आपापल्या जागी खऱ्या होत्या. पण पहिली वही तलाठ्याच्या दप्तरात गेली आणि दुसरी ग्रंथालयात. जमिनीचे भवितव्य दप्तर ठरवते, ग्रंथालय नाही.

माणसाचा सड्याशी संबंध या दोन्ही वह्यांपेक्षा फार जुना आहे. कशेळी, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे, जांभरुण, कुडोपी येथील कातळशिल्पे त्याची साक्ष देतात. जांभ्याच्या सपाट पाठीवर कोरलेले हत्ती, गेंडे, वाघ, मासे आणि मानवाकृती. कशेळीच्या भल्यामोठ्या हत्तीच्या पोटात तर इतर प्राण्यांची गर्दीच आहे. महाराष्ट्रातली आठ आणि गोव्यातले फणसायमाळ अशी नऊ ठिकाणे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली. नंतरच्या काळातही सडा ओस नव्हता. गुरे तिथे चरत, शाकारणीचे आणि वैरणीचे गवत तिथून येई, खोलगट भागात साचलेल्या मातीत पावसाळी भात होई, आणि घरांच्या भिंतींसाठी लागणारा चिरा याच जांभ्यातून निघे. ईस्ट इंडिया कंपनीचा सर्वेक्षक फ्रान्सिस बुकानन १८००-०१ मध्ये मलबारात फिरला तेव्हा त्याने अंगाडीपुरम येथे लोकांना हाच दगड विटांसारखा कापताना पाहिले आणि पुढे लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला ‘लॅटराइट’ नाव दिले. शास्त्राने या दगडाला ओळखले तेही कारागिराच्या हातातून. भात सोडला तर या वापराला सातबारावर जागा नव्हती, कारण सातबारा पीक विचारतो, वापर विचारत नाही.

या शब्दाने घर बदलले ते स्वातंत्र्यानंतर. ओसाड जमिनी ‘सुधारण्यासाठी’ १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले. पुढे उपग्रहाच्या छायाचित्रांवरून देशाच्या पडीक जमिनींचे नकाशासंग्रह निघू लागले. त्यांत ‘उजाड खडकाळ’ असा एक स्वतंत्र वर्ग आहे. विंगेटच्या काळी ज्या नोंदीने शेतकऱ्याचा सारा वाचवला, तिच्याच वंशातला हा वर्ग आता जमीन ‘उपलब्ध’ असल्याचा दाखला ठरू लागला. जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पासाठी माडबनच्या सड्यावरची जमीन घेतली गेली तेव्हा ती पडीक होती की वापरातली, हाच वादाचा एक मुद्दा झाला. बारसूच्या सड्यावरही पुढे तेलशुद्धीकरण प्रकल्पावरून संघर्ष पेटला. या प्रकल्पांची बाजू बरोबर की विरोधकांची, हा इथला प्रश्न नाही. प्रश्न एवढाच की वादाच्या आरंभीच जमिनीला ‘काही नसलेली’ ठरवून टाकले तर पुढच्या मोजमापाला अर्थ उरत नाही. आधी शून्य लिहायचे आणि मग त्यातून काय वजा होते ते शोधायचे, असा तो हिशेब होतो.

आता शास्त्रज्ञांना त्या शून्यात काय दिसले ते पाहू. सड्यावर जगणे ही अवघड कसरत आहे. चार महिने पाण्यात बुडणे, आठ महिने करपणे, आणि खायला जवळजवळ काही नाही. म्हणूनच तिथे तगणाऱ्या वनस्पतींनी चमत्कारिक वाटणारे मार्ग काढले आहेत. पातळ मातीत नायट्रोजन कमी, तर सीतेची आसवं आणि दवबिंदू या वनस्पती बारीक जीव पकडून तो मिळवतात. कातळावर जो काळपट थर आपल्याला डाग वाटतो, तो बहुतेक वेळा निळ्या-हिरव्या सूक्ष्मजीवांचा असतो, आणि त्यांतले काही हवेतला नायट्रोजन बांधून इतरांना पुरवतात. काही वनस्पती उन्हाळ्यात पूर्ण वाळतात, मेल्यासारख्या दिसतात आणि पहिल्या पावसाला पुन्हा हिरव्या होतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी पश्चिम घाटात अशा शुष्कता सोसणाऱ्या ६२ जाती नोंदवल्या. त्याआधी भारतातून अशा जेमतेम नऊ जाती ठाऊक होत्या. यांतल्या बऱ्याच जाती उघड्या कातळावरच्या आहेत. दुष्काळात तगणाऱ्या पिकांचा शोध घेणाऱ्यांना ही जनुकांची पेढी आहे. कास पठारावर तर फुलणाऱ्या वनस्पतींच्या सुमारे ८५० जाती मोजल्या गेल्या, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ३९ ठिकाणांपैकी एक म्हणून कासही जागतिक वारसा यादीत गेले. साताऱ्याचे नाव मिरवणारा तिथला वायतुरा, ‘अपोनोजेटॉन सातारेन्सिस’, १९८२ मध्ये शास्त्राला माहीत झाला. ज्या जमिनीला आणेवारीत काहीच मोल नव्हते, तिच्या उथळ डबक्यात जगात इतरत्र न आढळणारी वनस्पती उभी होती.

प्राण्यांची कथा याहून बोलकी आहे. रत्नागिरीच्या सड्यावर दगडाखाली राहणारी पांढऱ्या पट्ट्यांची पाल १९६३ मध्ये शास्त्रात आली. चाळकेवाडीच्या पठारावरची तिची एक बहीण २००८ मध्ये साताऱ्याच्या नावाने नोंदली गेली. २०१६ मध्ये व्ही. दीपक, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गळ्याला रंगीत पंखा असलेल्या सरड्यांची नव्याने छाननी केली. तोवर असे बहुतेक सरडे १८२९ मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युविए यांनी दिलेल्या एकाच नावाखाली गोळा केले जात. शरीररचना आणि जनुके दोन्ही तपासल्यावर कळले की त्यांत एक निराळा वंशच दडलेला होता. त्याला त्यांनी नाव दिले ‘सराडा’, थेट मराठी सरड्यावरून. त्यातला निळ्या-काळ्या-केशरी गळ्याचा ‘सराडा सुपर्बा’ हा चाळकेवाडीचा रहिवासी. यावर एक आक्षेप नेहमी येतो. शास्त्रज्ञ केसाचे दोन भाग करून नव्या जाती काढतात, त्यामुळे निसर्गात काही वाढत नाही, फक्त यादी वाढते. आक्षेप अगदीच पोकळ नाही. घाईने केलेल्या वर्गीकरणाची उदाहरणे आहेत. पण इथे नाव बदलल्याने धोक्याचे गणितही बदलते. देशभर पसरलेला एकच सरडा असेल, तर एक पठार गेले तरी तो उरतो. उत्तर सह्याद्रीच्या मोजक्या पठारांपुरता उरलेला स्वतंत्र सरडा असेल, तर दोन-चार पठारे जाणे म्हणजे त्याचे जाणे. यादी बारीक झाली म्हणून निसर्ग वाढला नाही हे खरे, पण आपण काय गमावू शकतो ते मात्र आता नेमके कळते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. देशाला वीज हवी, कोकणाला रोजगार हवा, आणि पवनचक्की तर प्रदूषण न करणारी. ती उघड्या पठारावर नाही तर कुठे उभारायची? योगायोग असा की या प्रश्नाचे उत्तर शोधणारा एक महत्त्वाचा अभ्यास चाळकेवाडीतच झाला. भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये तो प्रसिद्ध केला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्ष्यांचा वावर जवळजवळ चौपट कमी होता. शत्रू घटले म्हणून सरड्यांची दाटी वाढली, आणि दाटी वाढली म्हणून सरडे हडकले. त्यांच्या रक्तातील ताणाचे संप्रेरक कमी झाले, माणूस अगदी जवळ आला तरी ते पळेनात, नरांच्या गळ्याचे रंग फिके पडले. पात्यांना पक्षी थडकतो एवढेच आपण समजत होतो. प्रत्यक्षात साखळीचे वरचे टोक हलल्यावर खालच्या प्राण्याचे वागणे, शरीर आणि रंगही बदलला. याचा अर्थ पवनचक्क्या नकोत असा नाही. कोळशापेक्षा त्या बऱ्याच, हे नाकारण्याचे कारण नाही. अर्थ इतकाच की ‘तिथे काही नाही, म्हणून तिथे उभारा’ हा युक्तिवाद खोटा आहे. ‘तिथे हे आहे, त्याची ही किंमत आहे, ती या कारणासाठी आपण मोजतो’ हा युक्तिवाद खरा असू शकतो. आंब्याच्या बागांबाबतही हेच. सड्यावर सुरुंगाने खड्डे पाडून, बाहेरची माती आणून हापूस लावणाऱ्या शेतकऱ्याचे कष्ट थोर आहेत, आणि त्याचे पोट त्यावर आहे. पण सड्यावरचे हजारो सुटे दगड उचलून त्यांखाली पाहणाऱ्या अभ्यासकांना पांढऱ्या पट्ट्यांची पाल अस्पर्श सड्याच्या मानाने बागांत कमी आढळली. सगळा कातळ बाग झाला तर तिला दुसरे घर नाही.

उलट टोकाची चूकही टाळायला हवी. सडा मोलाचा आहे असे कळताच त्याला कुंपण घालावे किंवा त्यावर झाडे लावावीत, अशी हौस येते. कासभोवती कुंपण आले, गुरांची चराई थांबली, आणि मग उंच गवत लहान फुलांवर मात करील की काय, ही शंका अभ्यासकांनीच मांडली. शतकानुशतके गुरांच्या तोंडाखाली घडलेले हे माळ माणसाला पूर्ण वजा करून टिकतीलच असे नाही. वृक्षारोपणाचेही तसेच. जिथे निसर्गाने झाड ठेवले नाही तिथे खड्डा खणून रोप लावणे म्हणजे सड्याला पुन्हा एकदा ‘सुधारायची जमीन’ ठरवणे. जुन्या शब्दाने मोकळेपणा हा दोष मानला, आणि ही हिरवी हौसही तेच मानते.

शेवटी एक साधी, पण आजवर न पाळलेली गोष्ट सुचवावीशी वाटते. प्रकल्पांच्या पर्यावरण अहवालांसाठी पुष्कळदा एकाच ऋतूची माहिती गोळा केली जाते, आणि तीही पावसाळा वगळून. सड्याचे आयुष्य तर पावसाळ्यातच दिसते. वैशाखात सडा पाहून त्याला उजाड म्हणणे, हे भर दुपारी आकाश पाहून तारे नाहीत असे म्हणण्यासारखे आहे. ‘खराबा’ हा शब्द सातबारावर खुशाल राहावा. महसुली दप्तरात तो पावणेदोनशे वर्षे शेतकऱ्याच्या बाजूने काम करत आला आहे. मात्र कोणत्याही सड्याचे भवितव्य ठरवणाऱ्या कागदावर तो लिहायचा असेल, तर लिहिणाऱ्याने आधी त्या सड्यावर आषाढ ते भाद्रपद मोजणी करावी, आणि मगच लेखणी उचलावी.