अरब प्रदेशातील सत्तांतर आणि प्रादेशिक सुरक्षितता : मालेगावच्या १९२१ मधील खिलाफत दंगलीच्या संदर्भात

बीजसंज्ञा : अरब राष्ट्रवाद, खिलाफत, मुंबई इलाखा, मालेगाव, प्रादेशिक सुरक्षितता

प्रस्तावना

डिसेंबर २०१० मध्ये ट्युनिशियात सुरू झालेल्या जनआंदोलनापासून डिसेंबर २०२४ मध्ये सीरियातील असद राजवट कोसळेपर्यंत अरब समाजात मोठी राजकीय स्थित्यंतरे घडून आली. त्यांच्या परिणामांचा विचार करताना आपल्याकडील अभ्यासक सामान्यतः तेलाचे दर, सागरी मार्ग आणि आखातातील भारतीयांची सुरक्षितता या तीन बाबींवर भर देतात. हे मुद्दे महत्त्वाचे आहेतच. तथापि, अरब प्रदेशातील सत्तांतराचा आपल्या गावांतील शांततेशी नेमका कोणत्या मार्गाने संबंध येतो, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी नाशिक जिल्ह्यातील मालेगाव हे अत्यंत उद्बोधक उदाहरण आहे. प्रस्तुत लेखात ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब करून एप्रिल १९२१ मधील मालेगावच्या खिलाफत दंगलीचा अरब राजकारणाच्या पार्श्वभूमीवर परामर्श घेतला आहे. दूरच्या सत्तांतराने गावात आपोआप दंगल होत नाही. बातमीचा अर्थ लावणारी संघटना, स्थानिक प्रशासनाचा निर्णय आणि त्या निर्णयाची अंमलबजावणी हे मधले दुवे निर्णायक ठरतात, अशी या लेखाची मांडणी आहे.

मुंबई इलाखा आणि अरब प्रदेश

मालेगावचा अरबांशी संबंध खिलाफत चळवळीच्या शंभर वर्षे आधीपासूनचा आहे. गिरणा व मोसम या नद्यांच्या संगमाजवळ नारो शंकर राजेबहादूर यांनी अठराव्या शतकात बांधलेला भुईकोट किल्ला १८१८ मध्ये अरब शिबंदीच्या ताब्यात होता. अरब सैनिक मराठेशाहीच्या उत्तरकाळात अनेक सरदारांच्या पदरी होते. दुसऱ्या बाजीरावाने ३ जून १८१८ रोजी माल्कमपुढे शरणागती पत्करली, तेव्हाही मालेगावचे अरब इंग्रजांशी झुंजत होते. हल्ला करून किल्ला घेण्याचा इंग्रजांचा एक प्रयत्न फसला होता. अखेर दारूकोठाराच्या स्फोटानंतर जूनच्या मध्यास किल्ला पडला. शरणागतीच्या वेळी दिलेल्या मराठी पत्रातील शब्दयोजना शिबंदीला अनुकूल ठरली आणि एल्फिन्स्टनने तिचा मान राखून अरबांना उदार वागणूक दिली. पेशवाई बुडाल्यावर हे पगारी सैनिक नव्या सत्तेच्या दृष्टीने सुरक्षिततेचा प्रश्न बनले होते. एका पत्राच्या शब्दांनी त्याचे उत्तर काही अंशी ठरविले, ही बाब लक्षणीय आहे.

पुढे १८३९ मध्ये इंग्रजांनी एडन काबीज केले व त्याचा कारभार मुंबई सरकारकडे सोपविला. आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा अंत १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात झाला, हे मराठी वाचकास ज्ञात आहे. त्यांना तेथे पाठविणे शक्य झाले याचे कारण एडन हा मुंबईच्याच राज्यकारभाराचा भाग होता. अर्थात अरबस्तानचा किनारा मुंबईच्या सत्ताधीशांना परका नव्हता.

महायुद्ध आणि अरब प्रदेशाची फाळणी

पहिल्या महायुद्धात हा संबंध रक्ताचा झाला. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत भारतीय फौजांचा भरणा मोठा होता. डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडलेल्या सैन्यात १०३ व ११० क्रमांकाच्या मराठा पलटणी आणि ११७ वी मराठा पलटण यांचा समावेश होता. २९ एप्रिल १९१६ रोजी या सैन्याने तुर्कांपुढे शस्त्रे खाली ठेवली. त्यानंतरच्या कैदेत अनेक भारतीय सैनिक उपासमारीने व रोगराईने मरण पावले.

त्याच वर्षी जूनमध्ये मक्केचा शरीफ हुसेन याने तुर्की सत्तेविरुद्ध उठाव केला. स्वतंत्र अरब राज्याचे आश्वासन इंग्रजांनी त्यास दिले असल्याची अरबांची धारणा होती. परंतु १९१६ च्याच सायक्स-पिको कराराने ब्रिटन व फ्रान्स यांनी अरब प्रदेशाची आपसात वाटणी ठरविली आणि नोव्हेंबर १९१७ मध्ये बाल्फोर घोषणा झाली. एप्रिल १९२० च्या सान रेमो परिषदेत सीरिया फ्रान्सकडे, तर इराक व पॅलेस्टाईन ब्रिटनकडे सोपविण्यात आले. मार्च १९२० मध्ये सीरियाचा राजा म्हणून घोषित झालेल्या फैसलला जुलैमध्ये फ्रेंचांनी दमास्कसमधून हुसकावले. इराकमध्ये त्याच वर्षी मोठा उठाव झाला व तो दडपण्यासाठी पुन्हा भारतीय पलटणींचाच वापर करण्यात आला. ऑगस्ट १९२० च्या सेव्हर्स तहाने तुर्की साम्राज्याच्या विघटनावर शिक्कामोर्तब केले.

खिलाफतीची मागणी व तिच्यातील विसंगती

या घडामोडींची प्रतिक्रिया म्हणून १९१९ मध्ये मुंबईत खिलाफत समिती स्थापन झाली. तुर्की सुलतान हा खलिफा असल्याने त्याची सत्ता अबाधित राहावी व ‘जझीरत-उल-अरब’ मुस्लिमेतर सत्तेच्या हाती जाऊ नये, अशी तिची प्रमुख मागणी होती. महात्मा गांधींनी या मागणीस पाठिंबा दिला आणि १ ऑगस्ट १९२० पासून असहकार चळवळ सुरू झाली.

येथे एक मूलभूत विसंगती नजरेस येते. ज्या अरबांच्या भूमीसाठी भारतात सभा होत होत्या, त्या अरबांतील एका प्रबळ प्रवाहाला तुर्की सत्ताच नको होती. भारतीय खिलाफतवाद्यांच्या लेखी शरीफ हुसेन हा बंडखोर होता, तर अनेक अरब राष्ट्रवाद्यांच्या लेखी तो मुक्तिदाता होता. मार्च १९२० मध्ये मौलाना मोहम्मद अली यांचे शिष्टमंडळ लॉइड जॉर्ज यांना भेटले, तेव्हा खलिफाच्या सार्वभौमत्वाखाली अरबांना स्वायत्तता अशी तडजोड सुचविली गेली. मात्र गावोगावच्या सभांतून हे बारकावे पोहोचण्याचा संभव कमी होता. तेथे साम्राज्यवादी ब्रिटन आणि संकटात सापडलेला इस्लाम असे सरळ चित्र पुरेसे होते. ते चित्र पूर्णतः खोटे होते असेही म्हणता येत नाही, कारण अरबांची फसवणूक झालीच होती. परंतु त्यात अरबांचा स्वतःचा आवाज नव्हता.

मालेगाव, एप्रिल १९२१

उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांनी मालेगावला हातमागाचे केंद्र बनविले होते. स्वदेशीचा पुरस्कार आणि धर्मभावना या दोहोंमुळे येथे खिलाफत व असहकाराचा प्रभाव वाढला व स्वयंसेवकांची पथके उभी राहिली. जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी शस्त्रे बाळगून फिरण्यास मनाई केली. हा आदेश मोडल्याबद्दल काही स्वयंसेवकांना २५ एप्रिल १९२१ रोजी न्यायालयाने दोषी ठरविले आणि त्याच दिवशी जमाव प्रक्षुब्ध झाला. पोलीस उपनिरीक्षक व काही शिपाई यांची हत्या झाली. एका देवळासही आग लावण्यात आली.

गांधीजींनी ‘यंग इंडिया’तून या कृत्याचा कठोर शब्दांत निषेध केला. पुढे खटले चालले व काहींना येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आली. मालेगावात ‘शहीदों की यादगार’ या नावाने त्यांचे स्मारक आहे. कर्तव्य बजावताना मारले गेलेले पोलीस कर्मचारी हेही याच भूमीतील, सामान्य घरांतील होते. इतिहासाच्या अध्यापकाने या दोन्ही मृत्यूंची नोंद एकाच पानावर घेतली पाहिजे. एक बाजू वगळल्यास उरतो तो केवळ गौरव किंवा केवळ आरोप.

या घटनाक्रमात संतापाचे मूळ कुत, दमास्कस व इस्तंबूल येथे होते, परंतु दंगलीचे तात्कालिक कारण मालेगावच्या न्यायालयातील शिक्षा हे होते. सरकारी वृत्तान्तात अशा घटना अली बंधूंच्या प्रचाराच्या खात्यावर टाकल्या गेल्या. त्यामुळे स्थानिक निर्णयांची चिकित्सा टळली. चळवळीच्या नेत्यांनाही आपण उभ्या केलेल्या पथकांच्या शिस्तीची जबाबदारी झटकता येणार नव्हती.

खिलाफतीचा अंत

ज्या खिलाफतीसाठी हे सारे घडले, ती ३ मार्च १९२४ रोजी तुर्कस्तानच्याच राष्ट्रीय सभेने रद्द केली. शरीफ हुसेनने लगेच स्वतःस खलिफा घोषित केले. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इब्न सौदच्या फौजा मक्केत शिरल्या. त्यानंतर इब्न सौदला पाठिंबा द्यावा की नाही, यावर भारतातील खिलाफतवाद्यांत फूट पडली. मालेगावात प्राण गेले, ते ज्या संस्थेसाठी, ती तीन वर्षांच्या आत अस्तंगत झाली. हा निर्णय अंकारात झाला व त्यात मालेगावच्या विणकराला कोणतेच स्थान नव्हते.

ऐंशी वर्षांनंतर

२६ ऑक्टोबर २००१ रोजी शुक्रवारच्या नमाजानंतर मालेगावात अमेरिकन मालावर बहिष्काराचे आवाहन करणारी पत्रके वाटली जात होती. निमित्त अफगाणिस्तानवरील हल्ल्यांचे होते. अफगाणिस्तान हा अरब देश नव्हे, तथापि घटनेची जडणघडण परिचित आहे. पत्रकवाटपावरून पोलिसांशी वाद झाला, त्यातून दंगल व गोळीबार झाला आणि अनेकांचे प्राण गेले. दोन्ही प्रसंगांची तुलना मर्यादेत राहूनच केली पाहिजे. १९२१ मध्ये परकीय सत्ता होती, तर २००१ मध्ये लोकनियुक्त शासन होते. तरीही परदेशातील युद्ध, गावातील निषेध आणि तो हाताळताना उडालेला संघर्ष हा क्रम दोन्हीकडे आढळतो. याउलट, एप्रिल २०१५ मध्ये येमेनमधील यादवीच्या वेळी ‘ऑपरेशन राहत’ द्वारे चार हजारांहून अधिक भारतीयांची सुटका करण्यात आली व त्यातील अनेकांना एडन बंदरातूनच बाहेर काढले गेले. दूरच्या संकटात राज्यसंस्था किती सक्षमतेने वागू शकते, याचे हे उदाहरण होय. तीच तत्परता गावातील एका पत्रकाच्या प्रसंगीही अपेक्षित आहे.

निष्कर्ष

१. अरब प्रदेशातील सत्तांतराचा स्थानिक शांततेवरील परिणाम अप्रत्यक्ष असतो. तो संघटना, प्रशासन व अंमलबजावणी या दुव्यांमधून घडतो.

२. १९२१ च्या चळवळीत अरबांच्या स्वयंनिर्णयाच्या आकांक्षेचे आकलन अपुरे होते. दूरच्या समाजाशी सहानुभूती बाळगताना त्या समाजातील मतभेद समजून घेणे अगत्याचे आहे.

३. अशांततेचे खापर केवळ बाह्य प्रचारावर फोडल्यास स्थानिक चुकांची मीमांसा होत नाही आणि त्या पुन्हा घडण्याचा धोका राहतो.

४. पश्चिम आशियाचा आधुनिक इतिहास हा परीक्षेपुरता विषय न राहता, मालेगावसारख्या गावाच्या इतिहासाशी जोडून शिकविला जावा. आपल्या वर्गात यादगारीच्या गल्लीत राहणारा विद्यार्थीही असतो आणि पोलीस कर्मचाऱ्याचा मुलगाही असतो. दोघांनाही १९२१ चा इतिहास एकाच बाकावर बसून वाचता यावा, एवढी जबाबदारी आपण अध्यापकांनी स्वीकारली पाहिजे.