वर्गणीचा खेळ

भालचंद्र गणपतीच्या लिंबागणेशसारख्या (ता. जि. बीड) गावांत हौशी नाटक पावतीपुस्तकावर उभं राहतं. कुणी शंभर देतं, कुणी मांडवाची ताडपत्री. अशा मंडळींना १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(ल) थोडी मोकळीक देतं : हौशी मंडळानं तिकीट न लावता किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या प्रयोगाला लेखकाची परवानगी लागत नाही. मात्र ही सवलत प्रयोगापुरती. तोच खेळ मोबाइलवर चित्रित करून यूट्यूबवर टाकला, की ती संपते.

आवडत्या सिनेमाची घरगुती आवृत्ती काढणाऱ्यांची वाट आणखी अवघड. मालेगावात शेख नासिर यांनी कॅमेऱ्यासाठी सायकलीची ट्रॉली करून ‘मालेगाव के शोले’सारखी विडंबनं काढली. पण आपल्या कायद्यात विडंबनाला नाव घेऊन सूट नाही. टीका-समीक्षेसाठीच्या ‘न्याय्य वापरा’त ते बसतं का, हे न्यायालय ठरवतं. ‘शोले’ १९७५चा, चित्रपट म्हणून त्याचा हक्क २०३५अखेरपर्यंत शाबूत आहे.

वर्गणी मोठी झाली, की मालकाचं लक्ष जातं. अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांनी ‘अ‍ॅक्सानार’ या आपल्या चित्रपटासाठी दहा लाख डॉलरांहून अधिक जमवले, डिसेंबर २०१५मध्ये पॅरामाउंट आणि सीबीएस या मालक कंपन्यांनी दावा लावला, जानेवारी २०१७मध्ये तडजोड झाली. त्याआधीच २०१६मध्ये कंपन्यांनी चाहत्यांसाठी नियम काढले होते : एक भाग जास्तीत जास्त १५ मिनिटांचा, वर्गणी ५० हजार डॉलरांच्या आत. पावती फाडण्याआधी मूळ लेखकाचं पत्र खिशात असलेलं बरं. — संपादक